बाबांच्या पुस्तकातली आई

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या चौकातल्या भाजीवालीनं आज या हंगामातल्या पहिल्या तुरीच्या शेंगा आणल्या. हिरव्यागार, अंगावर जांभळट रेघा, देठाशी अजून सकाळचं दहिवर. घरात सोलणारी मी एकटी आणि खाणारीही मीच, तरी ढीग दिसला की हात थांबत नाही. "मॅडम, एवढ्या कोन सोलून देईन तुमाले?" भाजीवालीनं विचारलं. मी म्हटलं, "मीच." तिनं वरून एक मूठ टाकली आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं.

आमच्याकडे या कोवळ्या दाण्यांना सोले म्हणतात. सोल्यांची झणझणीत भाजी, सोलेभात, नुसते उकडलेले सोले. खायला मजा आणि सोलायला सजा, असं आई म्हणायची. नखांच्या कडा हिरव्या होतात, मग काळ्या पडतात, आणि शाळेत मुली आपल्या बोटांकडे बघून हसतात. पण सोलताना माणूस खरं बोलतो, असं माझं अनुभवाचं मत आहे. हात गुंतलेले असतात, नजर सुपात असते, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची गरज नसते. माझ्या बाबांना मी मनातलं सगळं बोलताना एकाच हिवाळ्यात ऐकलं, आणि तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये सूप होतं.

बाबांचं समुद्रपूरला कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, त्यामागं परसदार. आई गेली तेव्हा मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होते. पुढं वर्ध्याला मराठीची शिक्षिका झाले, गावाला लागूनच सिंदी मेघेत खोली घेतली आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की एस.टी.नं घरी जाऊ लागले. अशाच एका शनिवारी पाहिलं, तर बाबा गादीवर मांडी घालून कागदावर काहीतरी लिहितायत. मला वाटलं, मालाची यादी असेल.

"तुह्या मायचं पुस्तक करून राह्यलो," ते म्हणाले. "कादंबरी. छापून आली का लोक वाचतीन. नाहीतर गेलं माणूस, त्याले कोन इचारते?"

साठीला आलेला, जन्मभर कापड फाडून विकणारा माणूस कादंबरी लिहितो म्हटल्यावर मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मुकाट्यानं चहा ठेवायला आत गेले. चार वर्षं ते लिहीत होते. गिऱ्हाईक आलं की पेन कानावर, गिऱ्हाईक गेलं की पेन कागदावर. सगळं मिळून एवढं मोठं बाड झालं की ते धोतरजोडीच्या खोक्यात ठेवावं लागलं. त्यांना एकच गोष्ट हवी होती: आईचं पुस्तक व्हावं. बाकी कशाचीच हौस त्यांना उरली नव्हती.

चौथ्या वर्षी डिसेंबरात वर्ध्याला नवोदित लेखकांचं तीन दिवसांचं शिबिर भरलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादकबाई मार्गदर्शनाला येणार होत्या. मीच बाबांचं नाव दिलं. ते खोकं पिशवीत घालून आले, वर कोट, गळ्याला मफलर. हॉलमध्ये सगळी तिशीच्या आतली मंडळी. त्यांच्यामध्ये बाबा वरपित्यासारखे बसले होते.

नवोदितांविषयी माझ्याइतकं वाईट बोलायचा हक्क फार थोड्यांना असेल. आजही माझ्याकडे कविता घेऊन मुलं-मुली येतात. "मॅडम, अगदी स्पष्ट सांगा," म्हणतात, आणि मी स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी रस्त्यात दिसूनही ओळख देत नाहीत. त्यांना मत नको असतं, पाठ थोपटून हवी असते. मला राग येत नाही. आपण लिहिलेल्या ओळीला कुणी हात लावला की आपल्याच अंगाला लावल्यासारखं वाटतं, हे मलाही ठाऊक आहे. शिबिरातही तेच चाललं होतं. एक जण रुसून जेवला नाही, एक मुलगी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन रडून आली. बाबा मात्र रुसलेही नाहीत आणि रडलेही नाहीत. त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या बाजारपेठेतला माणूसच करू जाणे.

त्यांनी आईवरचं प्रकरण वाचलं. पुस्तकातली आई पहाटे उठायची, तुळशीपुढं दिवा लावायची, मंद हसायची. आजारी पडली तरी मंद हसायची. मरताना नवऱ्याचा हात हातात घेऊन "मी भरून पावले" म्हणायची. हॉल गहिवरला. संपादकबाई तेवढ्या शांत बसून होत्या. सावळ्या, ठेंगण्या, चष्म्याची दोरी गळ्यात.

"वामनराव," त्या म्हणाल्या, "या बाई कधी चिडत नाहीत का?"

"बाई, मेलेल्या मानसाले चिडलेलं कोन दाखवते?"

बाईंनी मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं दुःख खरं आहे. पण या बाई मला खऱ्या वाटत नाहीत. कॅलेंडरवरच्या वाटतात. त्यांच्यावरची तिन्ही प्रकरणं काढा, नाहीतर पुन्हा लिहा."

बाबा पुढं सरकून म्हणाले, "तीन लय होतात बाई. एक काढतो. तुमचंही राह्यलं, माहंही राह्यलं."

हॉल खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. "मी भाव सांगत नाहीये, वामनराव."

"असू द्या नं. सांगायचा भाव येगळा असते, द्यायचा येगळा."

परतीच्या एस.टी.त मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, शेवटच्या वेचणीची, उरलासुरला कापूस बोंडांतून लोंबत होता. बाबा मात्र खुशीत होते. "बाई पक्की हाय," ते म्हणाले. "पन दोन-चारदा गेलो का उतरते खाली." त्यांच्या जगात पहिला शब्द कुणीच खरा धरत नसे. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं नाही, दुकानदार म्हणेल तेही नाही, खरं काय ते मध्ये कुठंतरी असतं आणि दोघांनी एकेक पाऊल टाकत तिथं जायचं असतं. हे त्यांनी वडिलांकडून उचललं होतं आणि त्यात लबाडी नव्हती. रीत होती. त्या रीतीनंच आमचं घर चाललं, मी शिकले.

पण निघताना बाईंनी त्यांना एक काम दिलं होतं. "बाकीचं राहू द्या. एकच पान लिहा. त्या तुमच्यावर चिडल्या, तो दिवस. तेवढं मला पाठवा." एवढ्या मोठ्या बाडापुढं एक पान म्हणजे बाबांना सौदा फायद्याचा वाटला. ते कबूल झाले.

हिंगणघाटजवळ माझ्या मामाचं शेत आहे. आईचा हा एकुलता एक धाकटा भाऊ. आई गेल्यावरही तो दर हिवाळ्यात तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन यायचा, दुकानात बाबांच्या शेजारी बसून चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. त्या वर्षीही आला. मग शनिवार-रविवारी परसदारात ऊन अंगावर घेत मी आणि बाबा शेंगा सोलायला बसू लागलो.

"तुही माय कधी चिडे वं?" बाबांनी विचारलं.

मला हसूच फुटलं. "रोज! बाबा, तुम्ही विसरलात?"

विसरले नव्हते, नुसतं बाजूला सारून ठेवलं होतं. मी एक सांगितलं की त्यांना दोन आठवायचे. आई दुकानात बसली की बाबांचा जीव टांगणीला लागायचा. तिला खोटं बोलता यायचं नाही, आणि गप्पही बसता यायचं नाही. एकदा लग्नाच्या बस्त्याला आलेल्या बाईनं पोपटी शालू पसंत केला. बाबा घडी घालायला लागले, तेवढ्यात आई म्हणाली, "अवं बाई, ह्या रंगात तुमी भुतीण दिससान. आन् दोन धुन्यात उडते तो." बस्ता अर्ध्यावर राहिला. बाबा दुपारभर धुमसत होते. पण पुढच्या लग्नसराईला तीच बाई चार जणींना घेऊन आली आणि दारातच विचारलं, "शेटजी, बाई हाय का दुकानात?" आई दुकानात नाही असं कळल्यावर त्या वाट बघत बसल्या.

"हे लिहा," मी म्हटलं.

"हे काय लिहाचं? लोक हसतीन तिले."

"हसू द्या. तीही हसायची."

ती हसायची ते मंद वगैरे मुळीच नाही. तिचं हसणं रस्त्यापलीकडच्या हॉटेलात ऐकू जायचं. बाबांनी लिहायला घेतलं. चिडकी आई, भाजीत तिखट जास्त झालं म्हटल्यावर ताटच उचलून नेणारी आई, पिक्चर बघून आल्यावर आठवडाभर नटीची नक्कल करणारी आई. ते वाचून दाखवायचे आणि मी हसता हसता रडायचे. इतक्या वर्षांनी घरात तिचा आवाज फिरल्यासारखं वाटायचं. त्या सुखाच्या दुपारी होत्या, हे आता कळतं. पण बाईंनी सांगितलेलं पान काही लिहून होईना. "लिहितो नं," ते म्हणायचे आणि दुसरंच काही लिहायचे.

संक्रांत झाली होती. पोत्यात तळाच्या शेंगा उरल्या होत्या, थोड्या जून, सोलायला कठीण. एका रविवारी दुपारी बाबा मान वर न करता बोलू लागले.

"वर्ध्याच्या डॉक्टरनं तपासलं तिले. म्हणे, आजच्या आज नागपूरले न्या. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, दिवाळी तोंडावर हाय, दुकान भरून ठेवलं हाय. लक्ष्मीपूजन झालं का दुसऱ्या दिवशी निघतो. तो म्हणे, नाई. मी म्हटलं, बरं, मंग आठ दिवस तरी द्या."

मी शेंग हातात धरून बसले.

"तो गप्प झाला," बाबा म्हणाले. "मले वाटलं, सौदा पटला."

बाजारात असंच असतं. समोरचा गप्प झाला की व्यवहार ठरला. डॉक्टरही एक भाव सांगतो आणि आपण आपला सांगायचा, असं बाबांना वाटलं. त्यांनी आईच्या जिवावर उठून ते केलं नाही, कंजूषपणाही नव्हता. त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आई तिथंच स्टुलावर बसून सगळं ऐकत होती.

"गाडीत काहीच बोलली नाई. घरी आल्यावर म्हणे, माह्या पन भाव केला तुमी." बाबांनी दाणे सुपात टाकले. "मंग दिवाळीभर दुकानात बसली. पन कोन्या गिऱ्हाइकाले एक शब्द बोलली नाई. जे दाखवलं ते चांगलं म्हणे. नागपूरले गेलो तवा तिथले म्हणे, उशीर झाला."

मी त्या दिवाळीला परीक्षेमुळं वसतिगृहातच होते, मला यातलं काही कळलं नव्हतं. त्या दिवसांनी काय फरक पडला असता, कोण सांगणार? तिथल्या डॉक्टरांनी त्याचं उत्तर कधी दिलं नाही आणि बाबांनीही पुन्हा विचारलं नसावं. पण मला तेव्हा एवढा विचार कुठला सुचायला. मला राग आला, संताप आला. मी सूप तिथंच टाकलं, आत जाऊन बॅग भरली आणि मिळाली ती गाडी पकडून सिंदी मेघेला आले. खोलीचं दार लावून मी ओरडून ओरडून रडले. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं, तेही उघडलं नाही. आजही त्या दिवाळीचा विचार मनात आला की तो राग तसाच वर येतो. त्यांच्यावरचं प्रेम त्यानं कमी होत नाही, आणि प्रेमानं तो कमी होत नाही.

पुढच्या शनिवारी जाऊ नये असं ठरवलं होतं. तरी गेले. बाबांनी मला पान दिलं. "वाच. चूक कुठं हाय ते सांग," म्हणाले आणि तागे लावायला वळले. त्यांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. स्टूल, डॉक्टरांचं गप्प होणं, आईचं ते वाक्य. एवढ्या साध्या भाषेत त्यांनी यापूर्वी काहीच लिहिलं नव्हतं. फक्त एका ठिकाणी लिहिलं होतं, 'दुर्दैवाने आम्हांस उशीर झाला.'

"'दुर्दैवाने' काढा," मी म्हटलं.

"राहू दे नं एक शब्द."

"नाही बाबा. दैवाचा काय संबंध?"

माझा आवाज कडू होता, मला ऐकू येत होता. बाबांनी पेन घेतलं आणि तो शब्द खोडला. रेघ सरळ आली.

नव्यानं लिहिलेली ती सगळी पानं पुण्याला गेली. मूळ बाड बाई शिबिरानंतर घेऊनच गेल्या होत्या. उन्हं तापायला लागली, परसदारातली सावली पायरीपर्यंत सरकली, तेव्हा दुकानात बाईंचा फोन आला. मी शेजारीच होते. पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, वामनराव, ही पानं फार चांगली आहेत, मी दोनदा वाचली. आणि आता मला अवघड बोलायचंय. ही वाचल्यावर तुमचं बाकीचं बाड उभं राहत नाही. ते सगळं बाजूला ठेवा. फक्त एवढंच छापू. लहान पुस्तक होईल, पण पुस्तक होईल.

चार वर्षांचं लिखाण. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. आता ते म्हणतील, बाई, निम्मं ठेवा. बाई नाही म्हणतील, मग हे चार प्रकरणांवर येतील, मग दोनांवर.

"हो बाई," बाबा म्हणाले. "तुमी म्हणता तसं."

फोन ठेवला. पहिल्याच शब्दाला हो म्हणणारे बाबा मी जन्मात पाहिले नव्हते. शिबिरातल्या त्या मुलांना शहाणपण आलं असतं तर मी पेढे वाटले असते, बाबांना आलं तेव्हा मात्र मला ते बघवेना. "बाबा, थोडं तरी ठेवा म्हणायचं," मी म्हटलं. "एवढी मेहनत केलीत."

"एकदा केला नं भाव," ते म्हणाले. "पुरा झाला."

पुस्तक पुढच्या हिवाळ्यात आलं. हातावर ठेवलं तर वजन कळू नये एवढं. मुखपृष्ठावर बाबांचं नाव, आत पहिल्या पानावर आईचं. बाबांनी एक प्रत मामाला पाठवली. पाठवू नका, असं मी सुचवून पाहिलं होतं. ते म्हणाले, "त्याचीच बहीण हाय. त्यानं नाई वाचलं तर मंग कोनासाठी लिहिलं?"

मामा आला तो बाजाराचा दिवस होता. मीही घरी होते. दुकानात पाच-सात बाया लुगडी बघत होत्या. मामा चप्पल न काढता पायरीवर उभा राहिला. हातात पुस्तक.

"भाऊजी, हे खरं हाय?"

"हो."

"डॉक्टर आज म्हणे, आन् तुमी दिवाळी म्हटली?"

"हो."

एवढ्या वर्षांत मामा बाबांशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही. "माही बहीन असंच बोले," तो म्हणाला. "वाचलं तं आवाज आला तिचा. लय दिवसांनी आला." त्यानं पुस्तक गादीच्या काठावर ठेवलं. "मी आता येत नाई." आणि तो वळून बाजारातल्या गर्दीत चालू लागला. मी मागून हाका मारल्या. तो थांबला नाही, आणि पुढं बाबा होते तोवर खरंच त्या पायरीवर आला नाही.

बाबांनी त्याला अडवलं नाही. माझं ऐक, बस, चहा घे, यातलं काही म्हणाले नाहीत. बाया लुगडी हातात धरून एकमेकींकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं बाबा मला म्हणाले, "पुण्याच्या बाईले फोन लाव. सांग, आता ती खरी वाटते म्हणे तिच्या भावाले."

मी फोन लावला. काय झालं ते सांगितलं, बाबांचा निरोपही सांगितला. बाईंनी विचारलं, "आणि वामनराव काय करतायत?"

मी वळून पाहिलं. भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर, तोंड न झाकता बाबा रडत होते.

"रडतायत," मी म्हटलं.

"रडू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. मी रिसीव्हर कानाला धरून तशीच उभी राहिले. त्यांनीही फोन ठेवला नाही.